मामाचा घास

या, टाळ खाली ठेवा नि असे जवळ सरका. बुवा आख्यान लावायला अजून अवकाश आहे. तोवर एका घासाची गोष्ट सांगतो.

"चेडवाक उपाशी मारतलंस काय गो?" सुगंधाने वाटी आपटली. नाचणीची पेज जमिनीवर उडाली.

सून शर्मिलाने वाटी लांब सारली. तिच्या मांडीवरची सलोनी वाटीकडे झेपावत होती. आठवा महिना सरत आला, तरी पोरीच्या पोटात आईच्या दुधापलीकडे काही गेलं नव्हतं. वजन अडलं होतं. काल तिने चटईची काडी तोंडात घातली.

शर्मिला काही अडाणी नव्हती. सहा महिन्यांनंतर नुसतं दूध पुरत नाही, पेज द्या, मऊ भात कुस्करून द्या, हे शेजारच्या सारिकाला तीच पढवायची. पण स्वतःच्या घरात एकच हेका. उष्टावणाचा पहिला घास मामाचा. मामा म्हणजे तिचा धाकटा भाऊ, मिठबावचा दीपेश. बारसं जेवून ट्रॉलरवर जाताना बजावून गेला होता, "मी येयसर कोणी घास देव नकात."

"भावान शबूद दिल्यान हा. तो येतलो."

"मगे शबूदच कालवन घाल तिका!" सुगंधाने नातीला ओढलं आणि पेजेत बोट बुडवलं.

"हात लावू नकात!" शर्मिलाने सासूचं मनगट धरलं.

दोघींच्या ओढाताणीत सलोनी रडली. मोठ्याने नाही. तेवढं बळच नव्हतं तिच्यात.

शर्मिलाचा हात सुटला. ती ताडकन उठली. परड्यातलं केळीचं पान ओरबाडलं, टोपातला भात त्यावर थापला, वर वरण ओतलं आणि पान कुंपणाच्या दगडी गडग्यावर नेऊन ठेवलं. मग दर्याकडे तोंड करून किंचाळली, "खोटारड्या! ये, खा! माझां चेडू उपाशी आसा!"

सुगंधा दारातच खाली बसली. वैशाखातल्या वादळात दीपेशचा ट्रॉलर बुडाला होता, त्याचं फळकूटसुद्धा मिळालं नाही. गेलेल्या माणसाचं पान दीपेशच्या नावाने ठेवू म्हणणाऱ्याला शर्मिलाने आजवर उंबरा चढू दिला नव्हता.

माडावरून कावळा उतरला. भाताला शिवला.

शर्मिला आत आली. उरलेली पेज बोटावर घेऊन तिने लेकीच्या ओठांना लावली.

"खा गो बाय. मामा जेवलो."

मंडळी, तुमच्याकडे उष्टावण निघेल तेव्हा एक शीत दीपेशच्या नावाने बाजूला काढा.