मलिदा

दुसरीतली इन्सिया आज बाकावर बसायलाच तयार नव्हती. उभ्याउभ्याच तिने मलिद्याचा डबा कर्णिकबाईंपुढे धरला.

घास तोंडात टाकत बाईंनी विचारलं, “कशाबद्दल गं?”

“मला कापलं ना, म्हणून नानीने केला. पण कुणाला सांगायचं नाही.”

बाईंनी डबा झाकून बाजूला ठेवला. मधल्या सुट्टीत बाईंनी तिच्या आईला बोलावून घेतलं.

“आमच्यात मुलींचीही सुंता करतात. पुढे पाऊल वाकडं पडू नये म्हणून,” आई म्हणाली. “आता डॉक्टरीणच करते, ब्लेडसुद्धा नवं असतं.”

बाईंना शिसारी आली. “सात वर्षांच्या पोरीचं कसलं पाऊल? घ्या, खा तुम्हीच!” त्यांनी डबा तिच्यापुढे ढकलला.

आई झटकन मागे सरली. “मी नाही खात मलिदा. सात वर्षांची होते, तेव्हापासून.”