जहाजांची रांग

१९७४ साली बंदराबाहेर जहाजांची फार मोठी रांग लागायची, म्हणून बंदराच्या साहेबांनी धक्क्याला लागण्याचं शुल्क एकदम तिप्पट केलं. साहेब म्हणजे क्रेन चालवणाऱ्या तात्यांचे सख्खे जावई. चार महिन्यांत जहाजं लांबूनच शेजारच्या बंदराकडे वळू लागली आणि तात्यांच्या क्रेनच्या केबिनमध्ये कबुतरांनी अंडी घातली.

मग क्रेनवरच्या बाराही जणांना कामावरून कमी केल्याची नोटीस लागली. घरी जावयापुढे मान वर न करणाऱ्या तात्यांनी ती भिंतीवरून ओरबाडली आणि तडक साहेबांची खोली गाठली.

"जावईबापू, जहाजाला सुकाणू असतं हो! ते दुसरीकडे वळवता येतं. एवढं माझ्यासारख्या चौथी नापासाला कळतं, तुम्हाला नाही?"

"मामा, आवाज खाली. हे ऑफिस आहे."

"ऑफिस? मसणवटा केलाय तुम्ही! बघा खिडकीतून. एक तरी जहाज दिसतंय?"

साहेबांनी खरंच पाहिलं आणि समाधानानं हसले. "तेच तर! मला रांग संपवायला सांगितलं होतं. संपवली."

तात्यांनी नोटीस चुरगाळून त्यांच्या चहात बुडवली आणि लेकीच्या घरी पुन्हा पाऊल ठेवलं नाही. पन्नाशीत घरदार उचलून ते शेजारच्या बंदरात क्रेनवर लागले. साहेबांचा सत्कार झाला, बढती मिळाली. दोन वर्षांनी त्या शेजारच्या बंदराबाहेरही रांग लागली, तेव्हा ती संपवायला वरून साहेबांनाच पाठवण्यात आलं.