चार सेकंदांची कडी

सासूबाई न्हाणीघरात पडल्या, तेव्हा दार फोडायला पाऊण तास लागला होता. म्हणून तिने ही कडी घडवली. आतून लागते, पण बाहेरच्या खाचेत चमच्याचा दांडा घालून फिरवला की उघडते. घाबरलेल्या माणसालाही जमायला हवं, म्हणून तिने स्टॉपवॉच लावून नवऱ्याकडूनच चाचण्या करून घेतल्या. पहिल्या नमुन्याला चाळीस सेकंद लागले, शेवटच्याला चार. आल्यागेल्याला तो कडी उघडून दाखवायचा. "बघा, आमच्या बायकोचं डोकं!"

त्याच डोक्याला आज खोक पडली होती. ती आतून कडी लावून ओल्या फरशीवर बसली होती. बाहेर त्याने स्वयंपाकघरातला खण ओढला. चमचे वाजले. पावलं दाराशी आली.

"तू उघडतेस, की मी उघडू?"

दांडा खाचेला लागला. एवढ्या भीतीतही तिची सवय सुटली नाही. ती मोजू लागली.

एक.

दोन.

तीन. तिने रिकामी बादली छातीशी घट्ट धरली.

चार.

पाच.

सहा. दांडा नुसताच खरखरत होता.

सात.



मग वॉकरची ठकठक दाराशी येऊन थांबली आणि सासूबाई म्हणाल्या, "उगाच चमचा वाकवू नकोस, मेल्या. परवा हिचं रडणं ऐकलं, तेव्हाच ती खाच मी सिमेंटने बुजवून टाकली. मी पडले तर पडले."