पुढचं दार

बसचा थांबा तुम्ही उचललात, साहेब. लोखंडी खांब कापलेत, छप्पर ट्रकात घातलंत आणि नेऊन ठेवलंत दोन सिग्नल पुढं. का, ते तुमचं तुम्हाला ठाऊक. पण ज्यांना इथल्या पाटीवरचं एक अक्षर लागत नाही, ज्यांच्यासाठी तो थांबा म्हणजेच अख्खं हैदराबाद होतं, त्यांना कुणी सांगायचं होतं?

मालनबाई नव्या थांब्यावर उतरली आणि बसच्या मागच्या दाराकडं बघत उभी राहिली. इथली रीतच तशी. बाया पुढून, गडी मागून. देगलूरकडनं नवऱ्याला घेऊन काचीगुड्याला लेकाकडं आलेली बाई ती. सकाळी शिवराजनं बजावलं होतं, "आई, जामबागच्या डॉक्टरपर्यंत आबांचा हात सोडू नको." हात धरून चढावं तर दारं दोन. सोडला मग. बसमध्ये मान वळवून वळवून गर्दीतनं त्यांची पांढरी टोपी तेवढी बघत राहिली. मधे बाया चढल्या, पिशव्या चढल्या, टोपी दिसेनाशी झाली.

मागच्या दारानं कॉलेजची पोरं उतरली. पोतं घेतलेला एक माणूस उतरला. टोपी उतरली नाही.

"अहो!"

बस हलली. तिनं पत्र्यावर थापा मारल्या. "अहो! अहो!"

कंडक्टरीण दारातनं वाकली. "क्या हुआ अम्मा?"

"हमारे ये... अंदर रह गये!"

"टोपीवाले? वो तो पीछे सिग्नल पे उतर गए. मैं बोली, अब इधर स्टॉप नईं है. सुनेच नईं. बोले, यहीच है."

बस गेली. सकाळी जेवलो का नाही हे ज्यांना आठवत नाही, पोटच्या पोराला जे "पाहुणे, गाव कोणतं?" म्हणून विचारतात, त्यांनी नेमका तो थांबा ध्यानात ठेवला होता. मागल्या खेपेला तिनंच घोकून घेतला होता. "हे बघा, गुलाबी मेडिकल. समोर चिंच. इथंच उतरायचं. मी दिसले नाही तरी इथंच."

ती उलटी चालत सुटली. अंगावर गाड्या येत होत्या, हॉर्न शिव्या घालत होते. आबांचा मोबाईल तिच्याच पिशवीत होता. गर्दीत कुणी मारील म्हणून तिनंच काढून घेतलेला. शिवराजला फोन लावला. वाजून वाजून थांबला. त्याच्या कंपनीत फोन गेटवरच ठेवून घेतात.

गुलाबी मेडिकल होतं. चिंच होती. तुम्ही कापलेल्या खांबांचे खुंट होते. टोपी नव्हती.

चिंचेखाली एक बाई पेरू विकत होती. मालनबाईनं डोक्यावर हातानं टोपी करून दाखवली.

"हौ, आए थे," पेरूवाली म्हणाली. "यहीच खड़े थे, लोहे को हात लगा के. मैं पूछी, किसकू देख रै? बोले, हमारी आती आगे के दरवाजे से. फिर सिग्नल पे बस रुकी. आगे एक हरी साड़ीवाली बैठी थी. उसकू देख के हँसे, और पीछे से चढ़ गए."

मालनबाईनं आपल्या अंगावरच्या हिरव्या लुगड्याकडं बघितलं. मग तो पदर मुठीत गच्च धरला.

"कौनसी बस?"

"मेरेकू कहाँ पढ़ना आता अम्मा."

चौकातल्या पोलिसानं तिला सावलीत उभं केलं, पाण्याची बाटली दिली. माणूस वाईट नव्हता. "आसपास उतरे होंगे तो सुनेंगे," तो म्हणाला. "माइक में पुकारता, फिर वायरलेस देता. नाम बोलो."

"शिवराज के बाबा."

"उनका नाम."

"मालक है हमारे."

"मालक-वालक नक्को अम्मा. नाम! नाम के बगैर कैसा ढूंढना?"

ते नाव तिनं लग्नात घेतलं होतं, हळदीकुंकवाला घेतलं होतं. दर वेळी उखाण्यात, कशात तरी गुंडाळून, निम्मं पदराआड. नुसतं, उघडं नाव तिच्या तोंडून कधी बाहेर पडलं नव्हतं. नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य घटतं, असं आईनं शिकवलेलं. गावात त्याची गरजही पडली नाही. गावात "अहो" म्हटलं की वेशीपर्यंतच्या माणसाला कळायचं, कुणाला ते. आणि आयुष्याचं म्हणाल, तर रोज सकाळी थोडं थोडं घटताना तीच बघत होती. आणखी काय घटायचं राहिलं होतं?

"मला द्या," तिनं माइककडं हात केला. "परक्याच्या आवाजाला ते ओ देत नाहीत."

पोलिसाला शब्द कळले नाहीत. हात कळला. त्यानं बटण दाबून माइक तिच्या तोंडापाशी धरला.

"एकनाथराव!"

खांबावरच्या भोंग्यातनं तिचंच ओरडणं तिच्या डोक्यावर येऊन आदळलं. ती दचकली. पदर डोक्यावर ओढून घेतला. दुचाकीवरच्या माना वळल्या, रिक्षावाले वळले. लाल दिव्याला एक बस उभी होती. तिच्या मागच्या खिडक्यांतनं गडीमाणसं भोंग्याकडं बघायला लागली. मालनबाई एकेक डोकं तपासत गेली. एकावरही टोपी नव्हती.

"एकनाथराव! मी मालन. इथंच हाय, चिंचेपाशी. ओ द्या."

दिवा हिरवा झाला. बस गेली, तिच्यामागं सगळेच गेले. पोलिसानं माइक बाजूला घ्यायला बघितलं. तिनं तो दोन्ही हातांनी धरून ठेवला.

"ओ द्या की हो!"