बाहीचं माप

होडी हलली की शिंपी दोन्ही हातांनी काठ धरायचा, आणि होडी सतत हलत होती. पोहता येत नाही, पाण्यात कधी गुडघ्यापलीकडे उतरलेला नाही, असा हा माणूस सकाळपासून जीव मुठीत धरून बसला होता. गळ्यातली टेप घरी काढून ठेवायचंही त्याला सुचलं नव्हतं.

समोर त्याची लेक बसली होती. म्हणजे लेक आत होती, बाहेरून दिसत होतं ते नुसतं कापड. डोक्याला टोपडं, गॉगलपर्यंत चढवलेला पडदा, लांब बाह्या, हातमोजे, घोट्यापर्यंत विजार. लहानपणापासून उन्हाने तिच्या कातडीला फोड यायचे. कॉलेजात जायच्या वयाची झाली तरी बाहेरचं जग तिने दिवे लागल्यावरच पाहिलेलं. मामा तिला लाडाने वटवाघूळ म्हणायचा. पण गळ टाकायला जायचं तर दिवसाच, हा तिचा हट्ट होता. पाणी उन्हात चमकतं म्हणजे नेमकं काय करतं, ते तिला बघायचं होतं.

कापडासाठी शिंप्याने दुकानं पालथी घातली होती. ठाण उलगडून उन्हाकडे धरायचं आणि जरासा उजेड आरपार आला की मान हलवायची. दुकानदार त्याला बघून तोंड फिरवायला लागले होते. हनुवटीखालचा पट्टा मात्र मेहुण्याची देणगी. "दाजी, ऊन काय फक्त वरून येतं? पाण्यावर आपटून खालूनही येतं," असं तो म्हणाला नसता, तर हे शिंप्याच्या डोक्यातच आलं नसतं. एवढं झाल्यावर बायकोने परवानगी दिली, तीही अट घालून. "अंगावर एक लाल डाग दिसला, तर पुन्हा होडीचं नाव काढायचं नाही. तिनेही नाही आणि तुम्हीही नाही."

"काय गं वटवाघळा, उकडतंय का?" मामाने वल्हं आत घेत विचारलं.

"उकडतंय," कापडातून आवाज आला. "मस्त उकडतंय!"

तेवढ्यात तिच्या हातातली गळाची काठी वाकली.

"लागला! वर धर, वर धर!" मामा ओरडला. लेकीने डावा हात उंच केला, उजव्या हाताने दोरा गुंडाळायला सुरुवात केली, आणि शिंप्याची नजर तिच्या मनगटावर गेली. डावी बाही कोपराकडे सरकली होती. बाही आणि हातमोजा यांच्यामध्ये मनगट उघडं पडलं होतं, पांढरंफटक, भर उन्हात.

'सोड' हा शब्द त्याच्या ओठांवर आला होता. पण पडद्याआडून ती हसत होती, खळखळून, मोठ्याने. असं हसणं त्याच्या घरात कधी ऐकू आलं नव्हतं. शब्द त्याने गिळला, होडीचा काठ सोडला आणि उठला. दोन्ही हातांची ओंजळ पालथी करून त्याने तिच्या मनगटावर धरली. मनगट वर गेलं की ओंजळ वर, मनगट वळलं की ओंजळ वळली.

"बाबा, सरका ना, मला ओढता येत नाही!"

"तू ओढ गं. मी आहे."

"दाजी, खाली बसा! तिघंही बुडू!"

मासा होडीत आला तेव्हा कळलं की तो जेमतेम वीतभर होता. "एवढ्याशासाठी माझी होडी उलटवत होतात," मामा म्हणाला आणि पोट धरून हसला. शिंपी मधोमध उभा होता, कशालाही न धरता. ते लक्षात आलं तसा तो मटकन बसला. त्याने आधी लेकीची बाही खाली ओढली. मग तो मेहुण्याला म्हणाला, "तुझे उपकार कसे फेडू रे?"

"आधी काठ धरा," मेहुणा म्हणाला.

तळ्याच्या काठावर बायको छत्री घेऊन उभी होती. लेक उतरली तशी तिला छत्रीखाली ओढून तिने पडदा बाजूला करून गाल पाहिले, हनुवटी पाहिली, मान पाहिली. लेकीने डावा हात पाठीमागे नेला. आईने तो पुढे आणला आणि हातमोजा काढला. मनगटावर बोटभर लाल पट्टा उठला होता.

 लेकीचा चेहरा पडला. मासा तिच्या दुसऱ्या हातात तसाच लोंबत राहिला.

"चूक माझी आहे," शिंपी म्हणाला. "गिऱ्हाईक हात खाली सोडून उभं राहतं, मी तसंच हिचंही माप घेतलं. मासा ओढताना हात वर जातो, हे मला कुठे ठाऊक? हिचा काही दोष नाही. तू मला बोल."

बायकोने त्या पट्ट्यावरून अंगठा हळूच फिरवला. फोड नव्हता. तिने माशाकडे पाहिलं, मग लेकीच्या तोंडाकडे. घामाने केस कपाळाला चिकटले होते आणि ओठांच्या कडांना मघाचं हसू अजून थोडं उरलं होतं.

"मग असे उभे काय राहिलात?" ती नवऱ्याला म्हणाली. "टेप गळ्यात आहे ना? घ्या परत माप."

 शिंप्याने दोन्ही हात जोडले, बायकोला की तळ्याला, ते त्याचं त्यालाच कळलं नाही. मग त्याने टेप काढली आणि तिचं एक टोक लेकीच्या खांद्याला टेकवलं. लेकीने मासा मामाकडे दिला, काठी धरल्यासारखी मूठ वळली आणि हात वर केला. हाताच्या मागोमाग आईने छत्रीही वर नेली.

"आणखी वर," शिंपी म्हणाला. "मोठा मासा लागलाय असं समज."