पपांचं नाक

पपांनी पाहुण्यांसमोर शॅम्पेनची बाटली उघडली, ग्लास नाकाशी नेला, डोळे मिटले आणि म्हणाले, "पांढरी फुलं. भाजलेला पाव. शेवटी शेवटी थोडा बदाम."

कालवांचं ताट घेऊन आलेली त्यांची मुलगी ओदील दारातच थबकली. तिला तिथूनच वास आला. बूच खराब निघालं होतं. ओल्या, कुजक्या पुठ्ठ्याचा वास.

पाहुणे म्हणजे बेल्जियममध्ये खानावळ चालवणारं जोडपं. दर मार्चला यायचे, कोणत्या वाइनबरोबर काय वाढायचं ते पपांकडून ऐकून जायचे. बाईंनी घोट घेतला आणि नवऱ्याकडे पाहिलं. नवरा सभ्य होता. "या वर्षी जरा... वेगळी आहे."

"वेगळी असणारच! तुम्ही लोक बटाटे तळता, आम्ही वाइन करतो." पपा खदखदून हसले. मग त्यांची नजर टेबलावर गेली. ओदीलनं बशा मांडून ठेवल्या होत्या, डावीकडून उजवीकडे, हलक्या वाइनपासून भारी वाइनपर्यंत. "हिच्याबरोबर कालवं. पुढच्या बाटलीला आमचं शावूर्स चीज, पण कोवळं हं, वाहायला लागलेलं नको. आणि जुनीबरोबर सायीतली कोंबडी."

ओदीलनं पुढे होऊन बाटली उचलली. "माझी चूक, पपा. या पेटीतली बुचं खराब आहेत. बाजूला ठेवायची ती मीच वर आणली."

पपांनी ग्लास खाली ठेवला. मग पाहुण्यांकडे वळले. "बघितलंत? मी आपला पोरीची अब्रू झाकत होतो. कामाला वाघ आहे, पण नाक आईवर गेलंय. फक्त सर्दी व्हायच्या उपयोगाचं."

सगळे हसले. ओदीलही हसली, आणि दुसरी बाटली आणायला तळघरात गेली.

सात वर्षांपूर्वी पपा शिडीवरून पडले, डोकं आपटलं. महिन्याभरानं त्यांनी नासलेलं दूध घटाघटा पिताना तिनं पाहिलं. ते काही बोलले नाहीत, तिनंही विचारलं नाही. तेव्हापासून दर वर्षी हिवाळा सरताना वेगवेगळ्या पिंपांतल्या वाइनचं मिश्रण ठरवायला दोघं समोरासमोर बसत. ती हुंगायची, चाखायची, थुंकायची. पपा ग्लासकडे नाही, तिच्या चेहऱ्याकडे पाहत असायचे. तिच्या कपाळावरची आठी जिथे मोडायची त्या ग्लासवर बोट ठेवायचे. "ही." मग वहीत आपल्या अक्षरात लिहायचे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मळ्यात वेली तारेला बांधताना पपा कोसळले. शेजारच्या मळ्यातले कोला पळत पोहोचले तोवर संपलं होतं.

शनिवारी दफनानंतर माणसं घराच्या पडवीत जमली. तिच्या भावानं, रेजीसनं, लिऑं शहरातून येताना बदामाचा केक आणला होता आणि त्याच्याबरोबर घरची शॅम्पेन ओतली होती. इतक्या गोडावर ही वाइन आंबटढाण लागते, हे याच घरात जन्मलेल्या माणसाला कळू नये? ओदीलनं एकेका हातातली केकची बशी काढून घेतली आणि तिथे चीज ठेवलं. कोणी विचारलं नाही.

म्हाताऱ्या कोलांनी चीजचा तुकडा तोंडात टाकला, वर घोट घेतला आणि डोळे पुसले. "पाच वर्षांपूर्वीची ना ही? असं नाक या गावात पुन्हा होणार नाही, पोरांनो."

"म्हणून तर," रेजीस ग्लास वर धरून म्हणाला, "यंदाच्या मिश्रणासाठी मी शहरातून एक तज्ज्ञ बोलावलाय. सोमवारी येतोय. ओदील पाहुण्यांचं बघेल, ते तिला छान जमतं. नाकाचं काय, पपाच सांगायचे..." आणि तो विनोद त्यानं पपांच्याच आवाजात करून दाखवला.

माणसं हसली. दुःखातलं, मऊ हसू. ओदील हसली नाही.

"त्यांना वास येत नव्हता," ती म्हणाली.

"काय?"

"सात वर्षं. फुलांचा नाही, धुराचा नाही, काहीच नाही. ही वाइन मी केलीय. नंतरच्या सगळ्या वर्षांची मी केलीय, खाली तळघरात आहे ती सगळी मी केलीय. तुझ्या तज्ज्ञाला फोन कर आणि सांग, येऊ नकोस."

कोलांनी ग्लास खाली ठेवला. रेजीसचा चेहरा लाल झाला होता. "आज? आत्ता मातीत ठेवून आलो त्यांना, आणि आज सांगतेस? लाज वाटत नाही तुला?"

"वाटते," ओदील म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "माझा राग त्यांच्यावर आहे, रेजीस, तुझ्यावर नाही. एकदा, फक्त एकदा, आम्ही दोघंच असताना त्यांनी म्हणायचं होतं, 'नाक तुझंच आहे, पोरी.' तेवढं म्हटलं असतं ना, तर तुमच्यापैकी कोणालाही मी हे मरेपर्यंत कळू दिलं नसतं."