लाटी

दंडावरचा पट्टा सोडत सिस्टर म्हणाल्या, "काकू, अजून वरच आहे."

द्वारकाकाकूंचा चेहरा पडला. गोळी कधी चुकत नव्हती, जेवण अळणी, लोणच्याची बरणी तर कधीच माळ्यावर गेलेली. तरी रक्तदाब काही उतरेना. याच दुखण्यानं थोरला भाऊ अंथरुणाला खिळला होता.

"माझंही तसंच व्हायचं का हो?"

सिस्टरना अजून चार घरं गाठायची होती, तरी त्या पाटावर टेकल्या. ओसरीवर उडदाचे पापड चालले होते. सून पीठ कुटून गोळा पुढे सरकवी. काकू त्यातली लाटी तोडत, तेलात बुडवून तोंडात टाकत आणि मान हलवत. मग पुढचा गोळा, पुढची लाटी.

"काकू, हे खाणं मला कधी सांगितलं नाहीत."

"खाते कुठे? चाखते नुसती. माझ्या जिभेच्या भरवशावर आख्खी आळी पापड नेते."

"पण त्यात मीठ आहे, वर पापडखार. चाखायचं काम आता सूनबाईंना द्या."

काकूंनी घुश्शात पुढची लाटी तोडली. मग भाऊ आठवला असावा. हातातली लाटी त्यांनी सुनेपुढे धरली.

पुढच्या महिन्यात पट्टा सोडताना सिस्टर हसल्या. काकूंनी डोळे पुसले आणि भाजलेला पापड त्यांच्या हातावर ठेवला.

"मीठ अगदी बेताचं," तुकडा मोडून खात सिस्टर म्हणाल्या. "चाखलं कुणी?"

काकूंनी सुनेच्या पाठीवर हात ठेवला. "ही माझी जीभ. घरातच होती, दाखवलीत तुम्ही."